ओएलईडी टीव्ही घेण्याआधी गोव्यातल्या घरात करायचा हिशेब

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस मला एकसारखे फोन येतात. "दादा, टीव्ही घेतला, तेवढा बसवून द्या." मी जातो. ओलसर भिंत, समोर दोन उघड्या खिडक्या, बोर्डाला अर्थिंग नाही, आणि सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बातम्या बघणारे आजोबा घरात. खोक्यात मात्र लाखभराचा ओएलईडी. टीव्ही चांगलाच असतो, पण त्या घरासाठी तो नसतो. हे सगळं खरेदीनंतर कळतं, कारण पायऱ्या उलट्या चढलेल्या असतात: आधी ऑफर, मग खोली, मग वायरिंग, आणि वॉरंटीचा कागद सगळ्यांत शेवटी.

खालचा क्रम मी गिऱ्हाइकांना फोनवर सांगतो तसाच लिहिला आहे. पहिल्या पाच पायऱ्या घरातच करायच्या आहेत. त्या झाल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

१. आपण नक्की काय घेतोय ते ओळखा

सगळ्यांत जास्त होणारी चूक नावातली आहे. "क्यूएलईडी" म्हणजे ओएलईडी नव्हे. क्यूएलईडी, क्यूनेड, मिनी-एलईडी हे सगळे एलसीडीचेच प्रकार. त्यांच्या पडद्यामागे दिवे असतात आणि पडदा तो उजेड अडवतो किंवा सोडतो. ओएलईडीत मागे दिवाच नसतो. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा दाखवायचा असेल तेव्हा पूर्ण विझतो. म्हणूनच अंधारात त्याचं चित्र इतकं सुंदर दिसतं. त्याचे सगळे धोकेही तिथूनच येतात, कारण उजळणारा पदार्थ सेंद्रिय असतो आणि वापरागणिक थोडाथोडा झिजतो.

ओएलईडीतही दोन जाती आहेत. एलजी डिस्प्लेच्या पॅनलमध्ये, म्हणजे चित्र दाखवणाऱ्या पडद्यात, प्रत्येक ठिपक्यात लाल-हिरव्या-निळ्याच्या जोडीला पांढरा उपठिपका (ठिपक्याचा एका रंगाचा भाग) असतो. सॅमसंग डिस्प्लेचं क्यूडी-ओएलईडी २०२२पासून बाजारात आहे. त्यात निळ्या उजेडावरून क्वांटम डॉट नावाचे सूक्ष्म कण लाल आणि हिरवा तयार करतात. रंग जास्त गडद दिसतात, पण खोलीत उजेड असला की त्यातला काळा थोडा जांभळट-करडा वाटतो. सॅमसंगच्या काही मालिकांत एका मापाला एक पॅनल आणि दुसऱ्या मापाला दुसरं, असंही आहे. त्यामुळे मालिकेचं नाव पुरत नाही, मापासकट पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या.

२. आठवडाभर घरातला टीव्ही मोजा

ही पायरी कुणी करत नाही, आणि सगळा निर्णय हिच्यावरच आहे.

टीव्हीशेजारी एक वही ठेवा. सात दिवस तीनच गोष्टी टिपायच्या: टीव्ही किती तास चालला, त्यातले किती तास पडद्याच्या कोपऱ्यात एकच चिन्ह किंवा खाली धावती पट्टी होती, आणि किती तास अंधारात किंवा मंद उजेडात पाहिला.

कारण असं. ठिपके सगळे सारखे झिजले तर पडदा एकसमान मंदावतो आणि वर्षानुवर्षं डोळ्यांना कळतही नाही. पण वाहिनीचं लाल-पांढरं चिन्ह रोज त्याच जागी पेटत राहिलं, तर तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा आधी थकतात. निळा सगळ्यांत आधी. मग पूर्ण पिवळं किंवा राखाडी चित्र आलं की त्या चिन्हाची छाप दिसू लागते. ही कायमची. हिलाच बर्न-इन म्हणतात. थोड्या वेळाने पुसट होऊन जाणारी छाया वेगळी, तिला घाबरायचं कारण नाही.

नुसता हिशेब पाहा. रोज सहा तास एकच बातम्यांची वाहिनी म्हणजे वर्षाला २१९० तास तेच चिन्ह, त्याच जागी. आठवड्याला दोन-तीन फुटबॉल सामने म्हणजे पाच तास धरा, वर्षाला २६० तास. डाव्या कोपऱ्यातल्या गुणफलकाची काळजी फुटबॉलवेड्या गोंयकारांना उगाच वाटते. त्यांच्या घरातल्या आजोबांची बातमीवाहिनी कितीतरी पटींनी जास्त धोक्याची असते.

पडताळा: वहीतल्या एकूण तासांपैकी निम्म्याहून जास्त तास एकाच वाहिनीचे असतील, तर त्या खोलीसाठी ओएलईडी घेऊ नका. आजोबांना साधा एलईडी वेगळा द्या, किंवा मिनी-एलईडी घ्या. "वाहिनी बदलत जा" असं त्यांना सांगून घर चालत नाही. मी खूप घरांत हे पाहिलं आहे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या हातातला रिमोट काढून घेण्याइतकं टीव्हीचं मोल नसतं.

संगणकाचा मॉनिटर घेणाऱ्यांनी हीच वही कामाच्या टेबलावर ठेवावी. खालचा टास्कबार, हिशेबाच्या तक्त्याच्या रेघा, ब्राउझरची वरची पट्टी हे सगळं आठ-आठ तास हलत नाही. शिवाय बहुतेक ओएलईडीत उपठिपक्यांची मांडणी वेगळी असल्याने बारीक अक्षरांच्या कडांना रंगीत झालर दिसते. दिवसभर टायपिंग करणाऱ्याने दुकानात मराठी मजकूर उघडून, रोजच्या अंतरावर बसून वाचून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

३. दुपारी तीन वाजता खोलीत बसा

आपली घरं वाऱ्यासाठी बांधलेली. मोठ्या खिडक्या, समोर बाल्कांव (बसायची ओसरी), दारं दिवसभर उघडी. ओएलईडीला नेमका हाच उजेड सोसत नाही.

टीव्ही जिथे लावायचा तिथे एक आरसा धरून ठेवा आणि आपल्या नेहमीच्या जागी बसा. आरशात खिडकी दिसली तर पडद्यातही दिसणार. तीन वाजता एकदा आणि पश्चिमेची खिडकी असेल तर साडेपाचला पुन्हा बघा. ऊन थेट पडद्यावर पडत असेल तर जागा बदला. ऊन आणि उष्णता दोन्ही पॅनलचं आयुष्य कमी करतात.

जाहिरातीतला निट्सचा (पडद्याचा उजेड मोजायच्या एककाचा) आकडा पडद्याच्या छोट्या भागाचा असतो. पूर्ण पडदा पांढरा झाला की टीव्ही स्वतःहून उजेड कमी करतो. छोट्या भागात हजारापुढे जाणारा पडदा तिथे दोन-तीनशेच्या आसपास येतो. क्रिकेटचं उन्हातलं मैदान दुपारच्या खोलीत फिकं वाटतं ते यामुळे. जाड पडदे लावणार असाल तर त्यांचा खर्च टीव्हीच्याच हिशेबात धरा.

४. वायरमनला आधी बोलवा

टीव्ही आल्यावर नको, आधीच.

त्याच्याकडून तीन गोष्टी तपासून घ्या. पहिली, टीव्हीच्या सॉकेटला खरं अर्थिंग आहे का. जांभ्या दगडाची आपली जमीन मार्च-एप्रिलमध्ये कोरडी पडते आणि पावसाळ्यात चांगलं वाटलेलं अर्थिंग उन्हाळ्यात कमजोर होतं, म्हणून तपासणी शक्यतो उन्हाळ्यात करा. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. दुसरी, न्यूट्रलचा सांधा घट्ट आहे का. थ्री-फेज जोडणीच्या घरात न्यूट्रल सैल सुटला तर २३० व्होल्टच्या सॉकेटवर कितीतरी जास्त व्होल्टेज येऊ शकतं, आणि त्या एका क्षणात टीव्ही, फ्रिज, पंप सगळं जातं. तिसरी, मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) आणि जास्त व्होल्टेजला तोडणारं उपकरण बसवता येईल का. टीव्हीच्या मागच्या लेबलवर सहसा १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे कमी व्होल्टेज तो सहन करतो. त्यासाठी वेगळा स्टॅबिलायझर बहुधा लागत नाही. संरक्षण हवं ते जास्त व्होल्टेजपासून आणि विजेपासून.

आता एक पेच. आपल्याकडे झोपताना टीव्हीचा बोर्डावरचा स्विच बंद करायची जुनी, चांगली सवय आहे. ओएलईडीला ती बाधते. साधारण चार तास वापर झाल्यावर, रिमोटने बंद केलेला असताना, टीव्ही आपणहून काही मिनिटं ठिपक्यांची दुरुस्ती करतो. कोणता किती थकला ते मोजतो आणि भरपाई करतो. एलजीच्या पॅनलमध्ये सुमारे २००० तासांनी आणखी मोठी, तासाभराची दुरुस्ती होते. स्विच बंद असेल तर यातलं काहीच होत नाही, आणि वर्षभराने छाप लवकर दिसू लागते.

म्हणून नियम असा ठेवा:
— रोज रात्री फक्त रिमोटने बंद करा. स्विच चालूच राहू दे.
— मेअखेर-जूनचे पहिले पाऊस आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, ढग गडगडायला लागले की प्लगच काढा. नुसता स्विच पुरत नाही.
— प्लगबरोबर डिशची केबल आणि लॅनची (इंटरनेटची) तारही काढा.

सावधान: आकाशातली वीज छपरावरच्या डिशच्या केबलमधूनही आत येते. प्लग काढलेला, केबल तशीच, आणि सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीत जाणाऱ्या एचडीएमआय तारेच्या वाटेने टीव्ही जळाला, हे मी डिचोलीत एका घरात पाहिलं. त्या माणसाने प्लग काढायची काळजी घेतली होती, म्हणून ते जास्त जिवाला लागलं.

५. भिंत आणि दमट हवा

चिऱ्याच्या भिंतीत प्लास्टिकचा छोटा प्लग ठोकून पन्नास इंचांच्या पुढचा टीव्ही टांगू नका. चिरा मऊ, सच्छिद्र असतो. ड्रिलने भोक मोठं होतं आणि स्क्रू भुसभुशीत भुकटीत फिरत राहतो. लांब अँकर किंवा रासायनिक (भोकात रसायन भरून घट्ट बसवायचा) अँकर वापरा, आणि ड्रिलचा ठोका बंद ठेवून भोक पाडा. खात्री नसेल तर सरळ टेबलावर स्टँडवर ठेवा. त्यात काही कमीपणा नाही.

पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत टाळा. बोट फिरवून चुन्याची पूड हाताला लागते का, रंगाला पोपडे आलेत का, हे बघा. टीव्हीच्या पुस्तिकेत चालवण्यासाठी सहसा ८० टक्क्यांपर्यंतची आर्द्रता सांगितलेली असते, आणि जुलैत आपल्या घरातली हवा कितीदा तरी त्यापुढे जाते. पॅनलला कारखान्यातच सीलबंद केलेलं असतं, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण मागची सर्किटं आणि जोडण्या उघड्याच असतात, आणि किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा त्यांना गंज चढवते. उपाय साधे आहेत: आतली भिंत, मागे बोटभर मोकळी जागा, रोज थोडा वेळ वापर, एसी असेल तर ड्राय मोड. प्लास्टिकचं कव्हर मुळीच नको, आत घाम धरतो.

बोटीवर किंवा आखातात असणाऱ्यांनी, ज्यांचं घर पावसाळाभर बंद असतं त्यांनी, त्या घरात ओएलईडी ठेवू नये. एवढंच.

६. आता खर्चाचा कागद

२२ सप्टेंबर २०२५पासून ३२ इंचांपुढच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे कराआधी एक लाख किंमत असलेला टीव्ही १,२८,००० ऐवजी १,१८,००० ला पडतो. "मागच्या चवथीपेक्षा दहा हजारांनी स्वस्त" असं कुणी सांगितलं, तर ती दुकानाची सूट की कराची, हे आधी विचारा.

खालचे आकडे नुसती पद्धत दाखवायला घेतले आहेत, तुमचे तुम्ही भरा.

५५ इंची ओएलईडी १,२०,०००. ब्रॅकेट आणि बसवणं ३,०००. वायरिंग आणि सर्ज प्रोटेक्टर ५,०००. वाढीव वॉरंटी ९,०००. एकूण १,३७,०००. सहा वर्षं चालला तर वर्षाला साधारण २२,८००. चौथ्या वर्षाअखेर पॅनल गेलं आणि वॉरंटी संपलेली असली, तर तोच आकडा वर्षाला ३४,००० च्या पुढे जातो.

त्याच मापाचा मिनी-एलईडी ७०,०००, ब्रॅकेट आणि वायरिंग धरून ७८,०००. सहा वर्षांत वर्षाला १३,०००. फरक महिन्याला सुमारे ८२० रुपये.

हे ८२० रुपये तुम्ही अंधारातल्या चित्रासाठी देता आहात. आता दुसऱ्या पायरीतली वही उघडा. अंधारात किती तास पाहिलं ते तिथे आहे. आठवड्याला दहा-बारा तास चित्रपट बघणाऱ्याला मी बिनधास्त "घ्या" म्हणतो. दोन तास बघणाऱ्याला सांगतो, पैसे राखा आणि चांगला साउंडबार घ्या.

विजेची चिंता फार करू नका. सरासरी १०० वॉट धरले आणि रोज पाच तास चालवला, तर वर्षाला १८२ युनिटच्या आसपास होतात. चित्र जितकं उजळ, तितकी वीज जास्त.

हप्त्यांवर घेताना बघायचं एकच: "नो-कॉस्ट" असलं तरी प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या रकमेवरचा जीएसटी खिशातून जातोच. आणि रोख घेतल्यावर आणखी किती सूट मिळाली असती, तोही खर्चच.

७. दुकानात पाच प्रश्न, उत्तरं लेखी

तोंडी उत्तराला किंमत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या.

एक, पॅनलची वॉरंटी किती वर्षांची आणि तिच्यात बर्न-इन धरला आहे का. "पॅनल वॉरंटी" या शब्दांत बर्न-इन आपोआप येत नाही, बहुतेक टीव्हींच्या कागदात तो वगळलेलाच असतो. काही मॉनिटर कंपन्या तीन वर्षं स्पष्ट शब्दांत देतात, पण भारतातल्या कागदावर तेच लिहिलं आहे का ते वाचा.

दोन, वाढीव वॉरंटी कंपनीची की तिसऱ्याच कुणाची. तिसऱ्याची असेल तर कमाल भरपाई किती, आणि दर वर्षी ती किती घटते.

तीन, वॉरंटीबाहेर या मॉडेलच्या पॅनलचं आजचं कोटेशन किती. हा आकडा ऐकून पुष्कळांचा निर्णय तिथल्या तिथे बदलतो. टीव्हीच्या किमतीचा फार मोठा भाग म्हणजे पॅनलच.

चार, पॅनल गोव्यात येऊन घरी बदललं जातं, की टीव्ही बाहेर पाठवावा लागतो. पाठवायचा असेल तर वाहतुकीची जबाबदारी कुणाची.

पाच, हा तुकडा नवा सीलबंद आहे ना. शोरूममध्ये लावलेला तुकडा रोज दहा-बारा तास पूर्ण उजेडात, त्याच जाहिरातीवर चाललेला असतो. कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

होमस्टे किंवा गेस्टहाउसवाल्यांसाठी खास: घरगुती टीव्हीची वॉरंटी व्यावसायिक वापराला सहसा लागू होत नाही. पाहुण्यांच्या खोलीत लावलेला टीव्ही कंपनीच्या नजरेत व्यावसायिकच. शिवाय पाहुणा टीव्ही चालू ठेवून किनाऱ्यावर जातो. कॅफेचा मेन्यू दाखवायला तर ओएलईडी अजिबात नको, स्थिर अक्षरांची छाप काही महिन्यांतच बसू शकते.

८. खोकं घरी आल्यावर

खोकं उभंच यायला हवं. आडवं टाकून टेम्पोतून आणलं असेल तर घेण्याआधी फोटो काढा. पॅनल काचेच्या पातळ थराएवढं असतं, खड्ड्यांत आडवं हादरलं की कोपऱ्यातून तडा जातो आणि चालू केल्याशिवाय दिसत नाही.

पावसाळ्यात किंवा एसी गोदामातून आलेलं खोकं तीन-चार तास तसंच राहू दे, आत दव धरलेलं असेल तर सुकतं. मग व्हिडिओ चालू ठेवून, अनुक्रमांक दाखवत उघडा. दोघांनी खालची जाड बाजू आणि कडा धरून उचला, पडद्यावर बोटं दाबू नका.

चालू केल्यावर खोली अंधारी करून लाल, हिरवं, निळं, पांढरं आणि अगदी गडद करडं चित्र एकेक करून दाखवा. मेलेले ठिपके, गुलाबी छटा, तडा शोधा. गडद करड्यात हलक्या उभ्या पट्ट्या दिसल्या तर लगेच भांडू नका, पहिल्या काही दिवसांत दुरुस्तीच्या फेऱ्यांनी त्या बऱ्याचदा कमी होतात. मात्र फोटो आजच काढून ठेवा. टीव्हीच्या माहिती-पानावर एकूण चालू तास दिसत असतील तर तेही टिपा, नव्या टीव्हीवर ते शून्याच्या आसपास हवेत.

खोकं आणि थर्माकोल वर्षभर माळ्यावर ठेवा, पण ओल लागणार नाही अशा कोपऱ्यात.

९. पहिल्याच दिवशी बदलायच्या सेटिंग

दुकानातला झगझगीत मोड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. पिक्सेल शिफ्ट (चित्र किंचित सरकवत राहणारी सोय) आणि चिन्ह मंद करण्याची सोय चालू ठेवा. स्क्रीनसेव्हर दोन मिनिटांवर आणा. सेट-टॉप बॉक्स थांबवून जेवायला गेलात की तेवढ्यासाठी.

सावधान: "पिक्सेल रिफ्रेश" (चौथ्या पायरीतली मोठी दुरुस्ती) स्वतःच्या हाताने दर आठवड्याला चालवू नका. प्रत्येक मोठ्या फेरीत पॅनल थोडं झिजतं. टीव्हीला गरज वाटली की तो आपणच करतो.

पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड. खाऱ्या हवेचा चिकट थर बसला तर कापड किंचित ओलं करा. काच पुसायचा स्प्रे पडद्यावर मारू नका.

१०. अकराव्या महिन्यात एक संध्याकाळ

मूळ वॉरंटी एका वर्षाची असेल, तर अकराव्या महिन्याची तारीख आजच फोनमध्ये घाला. त्या संध्याकाळी खोली अंधारी करून आठव्या पायरीतले तेच रंग पुन्हा दाखवा आणि पहिल्या दिवसाच्या फोटोंशी ताडून पाहा. पिवळ्यात वाहिनीचं चिन्ह दिसतंय का, एखादी उभी रेघ आली आहे का, कोपरा काळवंडला आहे का, हे बघा.

काही दिसलं तर त्याच दिवशी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. वॉरंटी संपायच्या आत नोंदलेली तक्रार आणि नंतरची तक्रार यांत हजारोंचा फरक पडतो. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. अर्जाला जोडायला पावती, अनुक्रमांक, दुकानदाराची लेखी उत्तरं, खोकं उघडतानाचा व्हिडिओ आणि दोन्ही वेळचे फोटो लागतील. ते सगळं एकाच पाकिटात, पावतीच्या फोटोकॉपीसकट ठेवा. मूळ पावतीची शाई आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत उडते.